पंचेचाळीस नंबरची गाडी

आमच्या सांगलीच्या गॅरेजात ‘रेस’ हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडायचा आणि शर्यतीशी त्याचा काही संबंध नसायचा. रेस दे, रेस धर, रेस सोड. माझे वडील, आण्णा, बॉनेटखाली वाकलेले असत आणि आत बसलेला पोऱ्या त्यांच्या शब्दासरशी पाय दाबत असे. पुस्तकात ज्याला थ्रॉटल म्हणतात, ती आमची रेस. काम संपलं, हात पुसले, की गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी आण्णा शेवटची एक गोष्ट कुणावर सोपवत नसत. स्वतः आत बसत, रेस तळापर्यंत दाबत आणि झटकन पाय उचलत. इंजिनाचा आवाज तत्काळ खाली आला पाहिजे. “रेस सुटते का ते आधी बघावं,” ते म्हणत. “ब्रेक गेला तर माणूस गिअरवर गाडी आवरेल. रेस अडकली तर गाडी आपली राहत नाही.”

नॉर्थ कॅरोलायनातल्या लेव्हल क्रॉस नावाच्या लहानशा गावात, एका संग्रहालयात, मला आण्णांचा तो पाय आठवला. मुलगा कॅरीला राहतो. तिथून पश्चिमेला सव्वा तास गाडी चालवत सून मला घेऊन गेली होती. मला मोटारींची आवड आहे हे तिला ठाऊक होतं. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, गॅरेज धाकट्या भावाकडे गेलं. पण ज्या घरात डिझेलचा वास कपड्यांना असतो, त्या घरातली मुलगी इंजिनाच्या आवाजाला बहिरी होत नाही. संग्रहालय मोटार-शर्यतींतल्या पेटी घराण्याचं. आत आभाळी निळ्या रंगाच्या गाड्या, दारांवर मोठमोठे आकडे, कपाटांत चषक. जवळच ते जुनं घर आणि ती जुनी शेड, जिथे 1949 साली हे सगळं सुरू झालं. शेतीची अवजारं ठेवायची जागा होती ती, खाली मातीची जमीन. आमच्या गॅरेजालाही फरशी बऱ्याच उशिरा आली.

स्टॉक कार म्हणजे काय, हे मला तिथे नीट उमगलं. स्टॉक म्हणजे दुकानात विकायला ठेवलेला माल. ज्या गाडीतून माणूस आठवडाभर बाजारहाट करायचा, तीच गाडी रविवारी शर्यतीत उतरवायची, अशी ही मूळ कल्पना. आज त्या गाड्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर खास बांधतात आणि दुकानातल्या गाडीशी त्यांचं नातं चेहऱ्यापुरतं उरलं आहे. पण सुरुवात तशी होती. नॅसकार ही संस्था 1948 मध्ये रीतसर स्थापन झाली आणि 19 जून 1949 रोजी शार्लटला तिची अशा निव्वळ दुकानी गाड्यांची पहिली शर्यत झाली. त्या दिवशी 35 वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला ली पेटी एका मित्राची ब्यूक घेऊन उतरला आणि शर्यतीत त्याने ती गाडी उलटवली. घरची मंडळी त्याच ब्यूकमधून आली होती. परतताना त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून यावं लागलं, असं लीचा मुलगा रिचर्ड सांगत आला आहे. तेव्हा तो 11 वर्षांचा होता.

हाच ली पुढे नॅसकारच्या मुख्य मालिकेचा तीनदा विजेता ठरला. 1959 ची पहिली डेटोना 500 ही शर्यत त्यानेच जिंकली. निकाल इतका निसटता होता की फोटो आणि फिल्म तपासून तो जाहीर करायला तीन दिवस लागले. त्याच वर्षी जूनमध्ये अटलांटाच्या लेकवुड ट्रॅकवर जे घडलं, ते मी तीनदा वाचलं. चेकर्ड झेंडा रिचर्डला मिळाला होता. त्याचा तो पहिला विजय. दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीच्या मालकाने तक्रार केली की फेऱ्या मोजण्यात चूक झाली आहे. पुन्हा मोजणी झाली, तक्रार खरी निघाली आणि विजय रिचर्डकडून काढून घेतला गेला. तक्रार करणारा ली होता, त्याचा बाप.

अनेक जण ही गोष्ट बापाचं कठोरपण म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. माझा स्वतःचा मुलगा दोन वर्षं माझ्याच वर्गात होता आणि एकदा बेरजेत चुकून जास्त पडलेले चार गुण मी त्याच्या पेपरातून कमी केले होते. घरी येऊन तो जेवला नाही. तो रुसवा मला आजही आठवतो आणि ते चार गुण पुन्हा कमी करायची वेळ आली तरी मी करीन. फेऱ्या जितक्या झाल्या तितक्याच मोजायच्या. लीने मुलाला दिलेला वारसा हाच होता असं मी मानते. गाडी आणि शेड ही नुसती सामग्री.

फेब्रुवारी 1961 मध्ये डेटोनाला पात्रता शर्यतीत लीची गाडी कठडा ओलांडून बाहेर फेकली गेली आणि त्याची कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. त्याच दिवशी, आधीच्या शर्यतीत, रिचर्डची गाडीही कठड्याबाहेर गेली होती. तो थोडक्यात वाचला. पुढची तीस वर्षं त्याची. 200 विजय, सात वेळा विजेतेपद, सात वेळा डेटोना 500. एकट्या 1967 साली 27 विजय, त्यांतले दहा लागोपाठ. 200वा विजय 4 जुलै 1984 ला डेटोनाला, अध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितीत. पिसं लावलेली टोपी, काळा चष्मा, 43 नंबर. लोक त्याला ‘राजा’ म्हणतात आणि त्याच्या वळणदार सहीसाठी रांगा लावतात. या माणसाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी इथेच थांबते. मला बोलायचं आहे ते त्याच्या मुलाविषयी.

काइल पेटी, जन्म 2 जून 1960. आजोबा विजेते, वडील राजा. सुट्टीत मुलं मामाकडे जातात तसा हा पिटमध्ये जायचा. मामाही तिथेच होता, आईचा धाकटा भाऊ रँडी ओवेन्स, जेमतेम विशीचा, वडिलांच्या पिटवर काम करणारा. मे 1975 मध्ये टॅलाडेगाला वडिलांच्या गाडीच्या चाकाशी आग लागली. ती विझवायला रँडी धावला आणि दाबाखालची पाण्याची टाकी फुटून जागीच गेला. काइल तेव्हा चौदा वर्षांचा होता. म्हणजे मुलगा स्वतः गाडीत बसण्याआधीच या धंद्याने त्याच्या घरातलं एक माणूस नेलं होतं. तरी तो बसला. हे मला कळतं आणि कळतही नाही. गॅरेजात आमच्या चुलत्यांचं बोट पंख्याच्या पट्ट्यात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी शटर नेहमीच्या वेळेलाच उघडलं.

फेब्रुवारी 1979, डेटोना. वडिलांनी आधीच्या हंगामात चालवलेली डॉज घेऊन 18 वर्षांचा काइल एआरसीए या धाकट्या मालिकेच्या 200 मैलांच्या शर्यतीत उतरला. त्याआधी त्याने कुठेही, कसलीही शर्यत चालवली नव्हती. अडीच मैलांचा तो ट्रॅक, 31 अंशांत कलणारी वळणं आणि मुलगा पहिल्याच दिवशी जिंकला. पुढच्याच रविवारी वडिलांनी डेटोना 500 जिंकली. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे एकमेकांवर आदळले आणि रिचर्ड पुढे निघून गेला. टीव्हीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दिसलेली ती पहिलीच डेटोना 500. एका आठवड्यात बाप आणि लेक. युवराज आला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

अशा सुरुवातीचं मला भय वाटतं. वर्गात मी अशी मुलं पाहिली आहेत, पहिल्या चाचणीत पैकीच्या पैकी, आणि मग पुढची दहा वर्षं प्रत्येक प्रगतिपुस्तकावर त्या एका चाचणीची सावली. मुख्य मालिकेतला पहिला विजय काइलला मिळायला सात वर्षं लागली. मधल्या काळात तो गिटार वाजवत होता, गात होता, केस वाढवत होता. गाण्यामुळे लक्ष उडालं, असं लोक म्हणत. 1985 मध्ये तो घरचा संघ सोडून वुड बंधूंकडे गेला. तेही व्हर्जिनियातलं जुनं शर्यतीचं घराणं. घराण्याच्या बाहेर तालीम घ्यायला दुसऱ्या घराण्यात जाणं, हे आपल्याकडच्या गवयांना नवीन नाही, आणि त्यात किती धीर लागतो हेही आपण जाणतो. तिथेच फेब्रुवारी 1986 मध्ये रिचमंडला तो जिंकला. शेवटच्या काही फेऱ्यांत पहिला आणि दुसरा भिडले, त्यांच्या मागचेही त्यात सापडले आणि पाचवा असलेला काइल त्या धुरातून सुखरूप बाहेर पडला. आजोबा, वडील आणि नातू अशा तिन्ही पिढ्या जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आयता मिळालेला विजय, असं त्याला हिणवलं गेलं. वडिलांचा 1979 चा डेटोना विजयही पुढच्यांच्या भिडण्यातूनच आला होता, तो मात्र कुणी आयता म्हणत नाही.

1987 ची 600 मैलांची शार्लटची शर्यत त्याने जिंकली. नंतर फेलिक्स सबाटेस यांच्या संघात त्याने 42 नंबरची, आजोबांच्या नंबरची गाडी चालवली. 1992 आणि 1993 या दोन्ही वर्षी गुणतक्त्यात तो पाचवा होता. शेवटचा विजय जून 1995, डोव्हर. एकूण 829 शर्यती, आठ विजय.

गणिताच्या बाईने हे आकडे मांडले तर उतार दिसतो. आजोबा पन्नासच्या वर, वडील 200, नातू आठ, पणतू शून्य. अमेरिकेतल्या कितीतरी लोकांनी हा हिशेब असाच मांडला आहे. मला तो चुकीचा वाटतो. बेरजेत चूक नाही, मोजायला घेतलेली वस्तूच चुकली आहे.

पणतू म्हणजे अ‍ॅडम, काइलचा मुलगा, जन्म 10 जुलै 1980. त्याच्या फोटोंत एकही फोटो मला गंभीर सापडला नाही. ली 42, रिचर्ड 43, घरच्या गाडीवर काइल 44 आणि अ‍ॅडम 45. चार माणसं, चार लागोपाठ आकडे. 1998 मध्ये शार्लटला त्याने एआरसीएची शर्यत जिंकली तेव्हा तोही 18 चा होता, वडील पहिल्यांदा जिंकले तेव्हा होते त्याहून काही महिन्यांनी लहान. 2 एप्रिल 2000 रोजी टेक्ससला तो मुख्य मालिकेत उतरला. इंजिन गेलं, 40वा आला. तीन दिवसांनी, 5 एप्रिलला, ली पेटी वारला. एका घराण्याचे चौघे एकाच वेळी जिवंत आणि चौथ्याची मोठ्या शर्यतीत सुरुवात झालेली, असे दिवस त्या घराला तीनच मिळाले.

12 मे 2000. न्यू हॅम्पशायरमधलं लाउडन. सराव चालू होता. तिसऱ्या वळणावर अ‍ॅडमची गाडी वेग कमी न करता सरळ भिंतीवर गेली. रेस अडकली होती. कवटीच्या तळाचं हाड मोडून तो गेला. 19 वर्षांचा.

संग्रहालयात या तारखेपाशी आले तेव्हा माझा उजवा पाय आपोआप वर उचलला गेला. सुनेने विचारलं, काय झालं? मला सांगता आलं नाही. इतकी मोठी यंत्रणा, इतके अभियंते, कोट्यवधींचा पैसा, आणि कारण तेच, जे मातीच्या जमिनीवरच्या गॅरेजात माझे आण्णा रोज पायाने तपासत होते. आठ आठवड्यांनी, 7 जुलैला, त्याच ट्रॅकच्या त्याच वळणावर केनी अर्विन हा दुसरा चालक गेला. तेव्हाही रेसच अडकली असावी असं मानलं गेलं. त्यानंतर स्टिअरिंगवर, अंगठ्याच्या टप्प्यात, इंजिन बंद करायचं बटण सक्तीचं झालं. ऑक्टोबरमध्ये टोनी रोपर गेला. फेब्रुवारी 2001 मध्ये डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला, मुलगा पुढे दुसऱ्या क्रमांकाने रेषा ओलांडत असताना. नऊ महिन्यांत चार जण. डोकं आणि मान धरून ठेवणारी पट्ट्यांची सोय ऑक्टोबर 2001 मध्ये सक्तीची झाली आणि भिंतींना धक्का शोषणारा पोलाद आणि फोमचा थर 2002 पासून लागू लागला. डोकं आणि मान धरणारी ती सोय आधीपासून उपलब्ध होती. अ‍ॅडम गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिची सक्ती व्हायला हवी होती आणि ती झाली नाही, हा माझा राग अजून गेलेला नाही.

काइलने पुढे काय केलं, ते सांगण्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. चाळिशीला टेकलेला बाप मुलाच्या गाडीत बसला. नॅसकारच्या दुय्यम मालिकेत त्या वर्षीच्या उरलेल्या शर्यतींत अ‍ॅडमची 45 नंबरची गाडी त्याने चालवली आणि 2001 पासून मुख्य मालिकेतही त्याने 44 टाकून 45 घेतला. 2008 पर्यंत तो नंबर त्याच्याकडे होता. या सगळ्या वर्षांत तो एकदाही जिंकला नाही. बहुतेकदा मागच्या रांगांत असायचा. त्या वेळची वर्तमानपत्रं ‘घसरण’ म्हणत. संघ दुबळा झाला होता आणि पैसे कमी होते, हेही खरं. नोव्हेंबर 2008 मध्ये तो शेवटचा उतरला आणि काही आठवड्यांतच, 2009 च्या सुरुवातीला, लीने उभा केलेला संघ दुसऱ्या संघात विलीन झाला.

आपल्याकडे म्हणतात, बापाच्या खांद्यावर लेकराची तिरडी येऊ नये. आली तर माणूस ती स्मशानापर्यंत नेतो आणि खांदा मोकळा करतो. या माणसाने तो मोकळा केला नाही. आठ वर्षं, रविवारमागून रविवार, मुलाचा नंबर दारावर घेऊन तो त्याच भिंतींच्या कडेने गेला, लाउडनलासुद्धा, त्या तिसऱ्या वळणावरून शेकडो वेळा. वारसा वरून खाली येतो असं आपण समजतो. इथे तो खालून वर गेला. आजोबांचा आकडा नातवाने घ्यावा यात नवल नाही. मुलाचा आकडा बापाने घ्यावा, हे मी दुसऱ्या कुठल्या घराण्यात वाचलेलं नाही.

वारशाची उलटी वाट मी आमच्या घरात पाहिली आहे, पण ती सुखाची होती. कार्ब्युरेटर जाऊन सेन्सरच्या गाड्या आल्या तेव्हा भावाने स्कॅनर आणला. साठी ओलांडलेले आण्णा संध्याकाळी चष्मा लावून त्याच्याशेजारी स्टुलावर बसत आणि पडद्यावरच्या आकड्यांचा अर्थ विचारत. बाप मुलाला ‘पुन्हा सांग’ म्हणतो, तेव्हा मुलाचा आवाज किती मऊ होतो, ते मी दारात उभी राहून ऐकलं आहे. काइलला शिकवायला समोर कुणी नव्हतं. तो मुलाच्या सीटवर बसून एकट्याने शिकत होता.

अ‍ॅडम जिवंत असताना त्याच्या डोक्यात एक गोष्ट होती. 1995 पासून काइल दर वर्षी मोटारसायकलींचा जथा घेऊन देशभर फिरे आणि मुलांच्या रुग्णालयांसाठी पैसा उभा करी. त्यातून अ‍ॅडमला आजारी मुलांचा लळा लागला. फ्लोरिडात आजारी मुलांसाठी चालणारं एक शिबिर त्याने पाहिलं आणि आपल्याकडेही असं असावं, असं आईवडिलांना सांगितलं. तो गेल्यावर काइल आणि पॅटी या दोघांनी ते बांधायला घेतलं. जमीन रिचर्ड आणि लिंडा या आजीआजोबांनी दिली, घरापासून जवळच रँडलमनला. अभिनेते पॉल न्यूमन मदतीला आले, दुसऱ्या संघांच्या चालकांनी पैसे दिले. जून 2004 मध्ये व्हिक्टरी जंक्शन सुरू झालं. तिथल्या जेवणघराला फ्युएल स्टॉप म्हणतात आणि दवाखान्याला बॉडी शॉप. बॉडी शॉप म्हणजे जिथे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करतात. कर्करोगाचं, सिकल सेलचं, हृदयाचं दुखणं असलेलं पोर तिथे रुग्ण म्हणून जात नाही, दुरुस्तीला आलेली शर्यतीची गाडी म्हणून जातं. हे ज्याला सुचलं, त्याचं बालपण गॅरेजात गेलं असणार, हे मी न विचारता सांगू शकते.

दोनशे विजयांचा माणूस थोर आहेच. पण मला कुणी विचारलं की पेटी घराण्यातला सर्वांत मोठा चालक कोण, तर मी आठ विजयांच्या काइलचं नाव घेईन आणि ते आठही त्यात धरणार नाही. 2001 ते 2008 ही बिनविजयाची वर्षं धरीन.

रिचर्डच्या मुलीचा मुलगा थॅड मॉफिट मागाहून शर्यतीत उतरला, तेव्हा त्याच्या गाडीवर 46 होता. म्हणजे मोजणी 45 वर थांबवायची नाही, असं त्या घराने ठरवलं आहे. त्याला माझं एवढंच सांगणं की, पोरा, रेस सुटते का ते आधी बघ.

व्हिक्टरी जंक्शनमध्ये गेल्या वीस वर्षांत हजारो मुलं राहून गेली. त्यांच्या आईवडिलांकडून एक पैसाही घेतला जात नाही.